म्युझियममधलं जुनं डिझेल इंजिन: पावसाळ्याआधी रंग मारायचा की आधी पोटातलं पाणी काढायचं?

ठाकुर्ली_फाटक:

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांब होणार आहे, पण विषय आमच्या घरचा आहे म्हणून समजून घ्या.

आमचे बाबा कल्याणच्या डिझेल शेडला (इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात) फिटर होते, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या रविवारी त्यांना आणि माझ्या मुलाला घेऊन मुंबईतल्याच एका रेल्वे म्युझियमला गेलो होतो. तिथे मागच्या बाजूला उघड्यावर एक डब्ल्यूडीएम-२, म्हणजे रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन, उभं आहे. नंबर आणि जागा मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत, उगाच कोणाला वाईट वाटायला नको.

मुलगा कॅबमध्ये चढून हॉर्नची दोरी शोधत होता आणि बाबा खालीच उभे. त्यांनी लाँग हूडच्या (कॅबच्या पुढे इंजिनावर असलेल्या लांब पत्र्याच्या खोक्याच्या) एका दारावर तळहात ठेवला, न बघता खटका शोधला, दार उघडलं आणि आत तोंड घालून नुसता वास घेतला. मग खाली वाकून ड्रेनच्या तोंडाला बोट लावलं तर बोट तपकिरी झालं. आणि मग वर बघितलं आणि मला म्हणाले, "अरे, चिमणीची टोपी कुठाय?" टोपी नव्हतीच. म्हणजे किती पावसाळे ती चिमणी आभाळाकडे आ वासून उभी आहे देव जाणे. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत, कोपरला गाडी थांबली तरी खिडकीतून बाहेरच बघत होते.

तिथे चौकशी केली तर कळलं की जूनच्या आत इंजिनाला नवा रंग मारायचा आहे, पैसे देणारा माणूसही मिळालाय. बाबांचं म्हणणं असं की रंग पुढच्या वर्षी मारला तरी चालेल पण आत पाणी राहिलं तर पुढच्या वर्षी रंग मारायला फक्त पत्राच उरेल. मी तिथल्या ऑफिसला तसं पत्र दिलंय, उत्तर अजून नाही.

तर विचारायचं हे की पावसाला जेमतेम तीन आठवडे आहेत, हातात चार माणसं आणि थोडेफार पैसे आहेत, त्यात नक्की काय आधी करायचं? बाबांना काम माहीत आहे पण ते चालू इंजिनाचं. दहा-पंधरा वर्षं बंद पडलेलं इंजिन जपायचं कसं हे त्यांनी कधी केलेलं नाही असं ते स्वतःच म्हणतात. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

नॉच_आठ:

काकांना आधी नमस्कार सांगा. मीही शेडमधलाच, दुसऱ्या रेल्वेचा, पण इंजिन तेच. त्यांनी चिमणी बघितली म्हणजे माणसाने बरोब्बर जागी बोट ठेवलंय.

जे या इंजिनाशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आत अल्कोचं १६ सिलिंडरचं २५१ बी इंजिन आहे, २६०० हॉर्सपॉवर. चिमणीच्या खाली थेट टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बसलेला असतो. पाऊस चिमणीतून टर्बोच्या केसिंगमध्ये उतरतो, तिथे खाली एक ड्रेनचं भोक असतं, चालू इंजिनात ते कधी भरत नाही पण उभ्या इंजिनात काजळी आणि गंजाने ते बुजतं. एकदा ते बुजलं की पाणी साचत साचत एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या, पाइपात येतं, आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व त्या वेळी उघडा राहिलाय त्यात शिरतं. म्हणून १६ पैकी दोन-तीन सिलिंडर सडलेले आणि बाकीचे ठणठणीत असं चित्र दिसतं. लोकांना वाटतं गंज सगळीकडे सारखा लागतो. तसं नसतं.

आता महत्त्वाचं, आणि हे तिथल्या सगळ्यांना सांगा: उत्साहाच्या भरात कोणीही बॅटऱ्या आणून इंजिन क्रँक करायला, म्हणजे स्टार्टरने फिरवायला, जाऊ नका. या इंजिनाला मेन जनरेटरच स्टार्टरचं काम करतो, त्याला ताकद भरपूर असते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आमच्याकडे जास्त दिवस उभं असलेलं इंजिन असलं की आधी सगळ्या सिलिंडरच्या हेडचे डीकॉम्प्रेशन प्लग (आतला दाब मोकळा करायची बुचं) काढायचे आणि मग हाताने बारिंग करायचं, म्हणजे लोखंडी बार लावून इंजिन फिरवायचं, दोन पूर्ण फेरे. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून उडतं, समोर तोंड धरायचं नाही.

माझ्या मते क्रम असा ठेवा की पहिल्या दिवशी चिमणीला टोपी, बाकी काही झालं नाही तरी चालेल. मग संपचा (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन हळूच उघडा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला असतं आणि आधी तेच येतं. पाणी संपून काळं ऑइल यायला लागलं की बंद करा, ऑइल आत राहू दे. मग कूलिंगचं पाणी. या इंजिनात बाराशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, ते काढलंय असं सगळे म्हणतात पण ऑइल कूलरच्या तळाशी आणि टर्बोच्या जॅकेटमध्ये राहिलेलं असतं, तिथले प्लग वेगळे काढावे लागतात.

आणि हो, एक्झॉस्ट पाइपांवर जुनं पांढरं गुंडाळलेलं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, ओरबाडू तर अजिबात नका. जुन्या लॅगिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक. लहान मुलाला आत नेऊ नका.

भाऊचा_धक्का:

रेल्वेचा मी फक्त प्रवासी, पण जहाजांवर इंजिनिअर होतो आणि जहाज 'ले-अप'ला ठेवायचं काम बऱ्याचदा केलंय, म्हणजे वर्ष-दोन वर्षं जहाज उभं करून ठेवायचं पण इंजिन मरू द्यायचं नाही. मोठं डिझेल ते मोठं डिझेल, त्यामुळे तोंड घालतोय.

मुंबईत तुमचा शत्रू नुसता पाऊस नाही, हवा आहे. पावसाळ्यात इथे दमटपणा ८० टक्क्यांच्या वरच असतो आणि हवेत मीठ. लोखंड रात्री गार होतं, सकाळी दमट हवा त्याला लागते आणि आतल्या बाजूने अक्षरशः घाम सुटतो. टोपी लावून, ड्रेन काढूनही हे होतच राहणार. जहाजावर आम्ही इंजिनाच्या जागेत डीह्युमिडिफायर लावून दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली ठेवायचो, त्याखाली पोलाद जवळपास गंजत नाही. तुमच्या हूडला दारं आहेत, ती गळत नसतील तर एक मध्यम मशीन पुरेल, फक्त वीज आणि पाणी बाहेर सोडायला नळी पाहिजे. म्युझियमला एक प्लग पॉइंट देणं जड नाही.

एक चूक मात्र हमखास होते ती करू नका. निळी ताडपत्री आणून अख्खं इंजिन गच्च बांधून ठेवतात. वरून पाणी येत नाही हे खरं पण आतली दमट हवा कोंडते आणि ताडपत्रीच्या आतल्या बाजूने थेंब टपकतात, चार महिन्यांनी सोडाल तर बाहेरच्यापेक्षा आत जास्त गंज. बांधायचीच असेल तर वर मांडव केल्यासारखी, बाजूने वारा जाईल अशी. खरं उत्तर पत्र्याची शेड हेच आहे. रंगाला पैसे देणारा माणूस मिळालाय ना, त्याला प्रेमाने सांगून बघा की तुमच्या नावाची पाटी शेडवर लावू.

सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून गंजरोधक ऑइल फवारा, प्रत्येकात थोडंसं, मग इंजिन फिरवा म्हणजे लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) पसरेल. दर महिन्याला सव्वा फेरा फिरवायचं. पूर्ण एक फेरा नाही, सव्वा, म्हणजे प्रत्येक वेळी पिस्टन आणि बेअरिंग नव्या जागी थांबतात. कुठे थांबलं त्याची खूण करून ठेवायची.

रंगाबद्दल एवढंच की आधी गोड्या पाण्याने सगळं धुवून वाळवा. मीठ खाली राहिलं आणि वरून प्रायमर मारला तर एका पावसात फोड येतात. आणि सँडब्लास्टिंग करायचं कोणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा, ती वाळू ट्रॅक्शन मोटरमध्ये (चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरमध्ये) गेली की संपलं.

नॉच_आठ:

मोटरची आठवण काढलीत ते बरं झालं, मी विसरलो होतो. सहाही ट्रॅक्शन मोटरचे कार्बन ब्रश उचलून ठेवा. ब्रश एकाच जागी टेकून राहिले की ओल धरून कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागाच्या) तांब्यावर डाग खातात. सस्पेन्शन बेअरिंगच्या ऑइलच्या कप्प्यांचे खालचे प्लगही बघा, तिथे पाणी हमखास असतं. बॅटऱ्या अजून आत असतील तर आजच काढा, अॅसिडने खालचा पत्रा जाळीसारखा होतो.

माटुंगा_वर्कशॉप_रोड:

सगळं वाचलं आणि पटलं, तरी एक वेगळं मत मांडते. इतकं सगळं करणारच आहात तर चालू का करत नाही? वाफेच्या इंजिनांसाठी सगळे हळहळतात, १८५५ ची फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा धावली तेव्हा केवढं कौतुक झालं. सीएसएमटीला तो खेकडा उभा आहे, १९२८ च्या आसपासचं घाटातलं इलेक्ट्रिक, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. डिझेलच्या वाट्याला काय येतं? भंगाराचा लिलाव. आपल्या पिढीचं इंजिन हेच होतं हो. मी लहानपणी कोकणकन्येने गावी जायचे, रात्री पनवेलला गाडी थांबली की पुढून तो लयीत अडखळल्यासारखा आवाज यायचा, धक-धक-धक आणि मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, आणि आई म्हणायची झोप आता, इंजिन जागं आहे. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, चांगलंच झालं, धूर गेला. पण तो आवाज माझ्या मुलीने ऐकलेलाच नाही. उभं इंजिन म्हणजे तिच्यासाठी मोठा लोखंडी डबा. वर्षातून एक दिवस दहा मिनिटं जरी सुरू केलं तरी किती फरक पडेल.

ठाकुर्ली_फाटक:

@माटुंगा_वर्कशॉप_रोड ताई, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली, "ठोका चुकल्यासारखा" हे विशेष. म्हणाले ती बाई ऐकणारी आहे, अल्कोचं आयडलिंग (उभ्या जागी संथ चालणं) तसंच असतं, चारशेच्या आसपास आरपीएमवर.

पण सुरू करण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की त्याला ८ व्होल्टच्या ८ चांगल्या बॅटऱ्या लागतील, ऑइल सगळं बदलावं लागेल, पाणी भरल्यावर लायनरचे सील गळतात का ते बघावं लागेल, गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) उघडावा लागेल आणि फ्युएल पंप सोळाच्या सोळा. एखादा रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी पंपाची पट्टी) अडकला आणि इंजिन पळालं, म्हणजे वेग आवरेनासा झाला, तर बंद करायला तिथे कोण उभं राहणार? शेडमध्ये हे काम शंभर माणसं मिळून करत होती. म्हणून यंदा फक्त हाताने फिरवायचं. फिरलं तर पुढच्या वर्षी मेगर (वायरच्या इन्सुलेशनची तपासणी करायचं मीटर) लावून वायरिंग बघू आणि मग तुम्हाला बोलावू, असं त्यांनी स्वतः सांगायला सांगितलंय.

कारभारी_विक्रोळी:

मी एका दुसऱ्याच प्रकारच्या म्युझियममध्ये काम करतो, यंत्रं नाहीत, कागद आणि वस्तू. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

रंग खरवडण्याआधी एका कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, बारीक पॉलिश पेपरने एकेक थर उघडा करून फोटो काढा. वरचा रंग, त्याखालचा, त्याखालचा. या इंजिनांनी शेड बदलल्या, रंग बदलले, तो सगळा प्रवास त्या थरांमध्ये असतो आणि ग्राइंडर फिरला की पाच मिनिटांत जातो. कोणता रंग द्यायचा ते त्यावरून ठरवा, इंटरनेटवरच्या फोटोवरून नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क लावून आणि ओलं करूनच घासा.

दुसरं म्हणजे सुटे होतील असे भाग: बिल्डर्स प्लेट, गेज, हँडल, स्विचवरची नावं. हे आधी जातात. चोरच नेतात असं नाही, "आठवण म्हणून" नेणारेही असतात. खरी प्लेट काढून कपाटात ठेवा आणि बाहेर नक्कल लावा. ही इंजिनं अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या डिझाइनची, पहिली तिकडून १९६२ मध्ये आली, १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली, आणि मूळ कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणंच थांबवलं तरी आपण पुढे कित्येक वर्षं बनवत राहिलो. तुमचं इंजिन यातलं कधीचं हे त्या एका प्लेटवर आहे. ती गेली तर मग सगळं अंदाजाने बोलायचं.

आणि बाबांना बोलतं करा. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा, कोणतं दार कशाचं, कोणता नट कायम गरम असायचा, रात्रपाळीला कोण काय म्हणायचं. मॅन्युअलमध्ये हे नसतं.

ठाकुर्ली_फाटक:

अपडेट देतोय. ऑफिसचं उत्तर आलं, परवानगी मिळाली, आणि शेडचा विचार करू असंही म्हणालेत. रंग दिवाळीनंतर.

काल रविवारी सकाळी आम्ही पाच जण होतो, बाबा, मी, बाबांचे शेडमधले दोन मित्र (एकाचं वय ७४) आणि माझा मुलगा, त्याला बाहेरच उभा केला होता टॉर्च धरायला. @नॉच_आठ यांनी सांगितल्याप्रमाणे आधी टोपी. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरने ३ मिलिमीटर पत्र्याची करून दिली, कडा खाली वळवलेल्या आणि बाजूला जाळी, म्हणजे पाणी नाही पण वारा जातो. टर्बोचा ड्रेन तारेने खरवडला तर आधी काहीच नाही, मग एकदम काळा चिखल आणि मागून पाणी, अर्ध्या बादलीच्या वर.

मग संप. ७४ वर्षांच्या काकांनी खाली झोपून प्लग सैल केला, कोणाला हात लावू दिला नाही. दीड बादली पाणी आलं, गंजाच्या रंगाचं, आणि मग धार हळूहळू जाड झाली, काळी झाली. बाबांनी दोन बोटांत ऑइल घेऊन चोळलं, वास घेतला आणि प्लग बंद करायला लावला. दूध झालेलं नाही म्हणाले, म्हणजे ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलेलं नाही, नुसतं तळाला बसलं होतं.

सोळापैकी चौदा प्लग निघाले. दोन अजिबात हलेनात, त्यांना डिझेल आणि ऑइल पाजून ठेवलंय, जबरदस्ती केली नाही. कपलिंगला बार लावून तिघांनी जोर दिला. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही. बाबांनी सगळ्यांना थांबवलं, चौदाही भोकांतून पुन्हा थोडं थोडं ऑइल सोडलं आणि वडापाव खाऊन येऊ म्हणाले. तासाभराने परत बार लावला तर आतून करकर असा बारीक आवाज आला आणि बार माझ्या हातात चार बोटं खाली गेला. मला कळलंच नाही की इंजिन हललं, मला वाटलं बार घसरला. बाबांना कळलं, त्यांचा तळहात ब्लॉकवर होता.

अडकलेले प्लग दोन्ही उजव्या बाजूचे आहेत, म्हणून पूर्ण फेरा मुद्दाम केला नाही, त्यांच्या खाली पाणी असेल तर नुकसान नको. पाव फेऱ्यावर थांबलो. तेवढ्यात डाव्या बाजूच्या तिसऱ्या सिलिंडरमधून तांबडं पाणी आलं, बाकी कोरडे. कपलिंगवर खडूने बाण काढलाय आणि मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत तारीख, किती फिरलं, कुठून किती पाणी निघालं असं बाबांनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय. वही म्युझियमच्या कपाटात ठेवली, बिल्डर्स प्लेटही तिथेच.

@भाऊचा_धक्का, मशीनसाठी वीज द्यायला ते तयार आहेत, कोणत्या क्षमतेचं घ्यावं ते कृपया सांगा, हूडच्या आतली मापं घेऊन उद्या टाकतो. @नॉच_आठ, ते दोन प्लग काढायची काही युक्ती असेल तर लिहा, गरम करायचं का? बाबा नको म्हणतात, आत ऑइल आहे. येत्या रविवारी सकाळी आठला परत जातोय. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा, जुनी सुती कापडं घेऊन या, ती कमी पडली.

नॉच_आठ:

गरम अजिबात नको, काका बरोबर आहेत. रोज ऑइल पाजा आणि रोज पान्याने उलटसुलट, आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित आणि मग सोडायच्या. आठवडा लागेल पण सुटेल. मी रविवारी येतोय, पनवेलहून निघतो, माझा जुना लांब सॉकेट घेऊन येतो.

माटुंगा_वर्कशॉप_रोड:

कापडं आणते. मुलीलाही आणू का? ती बाहेर उभी राहील, टॉर्च धरेल.

ठाकुर्ली_फाटक:

आणा ना ताई. बाबा म्हणतात ब्लॉकला कान लावून ऐकायला तिला देऊ, बार फिरताना आतून आवाज येतो तो.